लोंकर आणि जावळ

१

प्रस्तुत टिपण एका चुकीच्या दुरुस्तीसाठीं लिहिलें आहे. चूक माझीच आहे, आणि ती एका शब्दाची आहे. परंतु तो एक शब्द नीट लावूं गेलों असतां त्याच्या सोबतीचे दुसरे अनेक शब्द पुढें आले, आणि त्या सर्वांचा विचार केल्यावांचून ही दुरुस्ती पुरी होत नाहीं असें दिसून आलें. जुने कागद जमविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींस तो विचार उपयोगी पडेल अशा समजुतीनें तो येथें मांडतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या बाडांतील हिशेबाचे सुटे बंद मी लावीत होतों. घर परभणी जिल्ह्यांतलें, गोदाकांठचें, गंगाखेड तालुक्यांतलें. कागद मोडींत, मजकूर नित्याचा : ज्वारी, गूळ, सरकी, तेल, बलुत्याचें धान्य. त्यांत एके ठिकाणीं ‘जावळाचें घोंगडें १’ अशी नोंद आढळली. जावळ म्हणजे अर्भकाच्या मस्तकावरील जन्माचे केंस व ते काढण्याचा विधि, हें कोणाहि मराठी माणसास ठाऊक आहे. संस्कृत पढलेल्यास तर त्या शब्दामागें लगेच चौलसंस्कार दिसूं लागतो. मीं असा अर्थ केला कीं, घरांतील कोणा मुलाचें जावळ काढलें व त्या प्रसंगीं घोंगडें दिलें गेलें. एवढ्यावरच मी थांबलों नाहीं. चौलप्रसंगीं घोंगडें देण्याची चाल या भागांत होती, असें एक लहानसें टिपण लिहून तें छापावयासहि दिलें. त्यावर कोणी आक्षेप घेतला नाहीं. आक्षेप न येणें हें विधान सिद्ध झाल्याचें लक्षण नव्हे, हें मला पुढें कळलें.

त्यानंतर एका वर्षीं सुगी आटोपल्यावर आमच्या रानांत हटकर धनगरांचीं मेंढरें बसावयास आलीं. रात्रीं मेंढरें शेतांत बसवावीं, त्यांच्या लेंड्यांचें खत जमिनीस मिळावें, व त्याबद्दल शेतकऱ्यानें धान्य द्यावें, हा या प्रांतांतला जुना व्यवहार आहे. कळपाबरोबर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या खांद्यावरील काळी घोंगडी हाताला फार मऊ लागली, म्हणून मीं सहज चौकशी केली.

“ही जावळाची हाय, गुरुजी,” ते म्हणाले.

“कोणाच्या जावळाची?”

म्हातारबुवा हंसले. “जावळ काय माणसाच्याच लेकराला असतंय व्हय? कोकराला नसतंय?”

कोंकराची पहिली कातरणी होते तेव्हां जी लोंकर निघते तिलाच जावळ म्हणतात. ती पुढच्या कातरणींच्या लोंकरीपेक्षां बारीक व मऊ असते, म्हणून तिची घोंगडी सरस ठरते व तिला मोलहि अधिक पडतें. म्हणजे माझ्या बाडांतली नोंद विधीची नव्हती, मालाची होती. जिनसेचा दर्जा लिहून ठेवणाऱ्या कारकुनास मीं विनाकारण संस्कारांचा साक्षीदार केलें होतें.

२

चूक उघडकीस आल्यावर प्रथम लाज वाटली, व मग कुतूहल वाटूं लागलें. मुलाच्या केंसांस व कोंकराच्या लोंकरीस एकच नांव कां असावें? हा धनगरांचा केवळ बोलण्यांतला लाडिकपणा कीं भाषेचीच जुनी संवय? याचा शोध घेण्यासाठीं मी ज्या वाटेनें आयुष्यभर चाललों त्या संस्कृताच्या वाटेनें मागें गेलों.

संस्कृतांत लोंकरीचा मुख्य शब्द ऊर्णा. अमरसिंहानें नानार्थवर्गांत या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत : मेंढी इत्यादि प्राण्यांचे लोम हा एक, आणि दोन भुवयांच्या मधला केंसांचा भोंवरा हा दुसरा. या दुसऱ्या अर्थानेंच बुद्धाच्या बत्तीस महापुरुषलक्षणांत ऊर्णेची गणना झाली आहे. मेंढीच्या अंगावरचा पदार्थ आणि महापुरुषाच्या ललाटावरचें चिन्ह यांस एकच शब्द लावतांना कोशकारास कांहीं वावगें वाटलें नाहीं. ऊर्णायु हा शब्दहि असाच दुहेरी आहे. पाणिनीनें ऊर्णेला युस् हा प्रत्यय लावून ‘जिला लोंकर आहे ती’ अशा अर्थानें तो साधला. अमरानें वैश्यवर्गांत तोच शब्द एकदां मेंढ्यास व एकदां मेंढीच्या लोंकरीच्या कांबळ्यास लावला. प्राणी व त्याच्या लोंकरीचें वस्त्र यांस एक नांव पडलें. अंगांतून तंतु काढणाऱ्या कोळ्यास ऊर्णनाभ म्हणतात. तेथें तर मेंढीचा संबंध सुटून नुसता तंतु उरला.

वैदिक वाङ्मयांत लोंकर ही केवळ पांघरण्याची वस्तु नाहीं. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलांत सोमरस मेंढीच्या लोंकरीच्या गाळणींतून गाळला जातो, आणि दहाव्या मंडलांतील नदीसूक्तांत सिंधूला ऊर्णावती हें विशेषण आहे. गृह्यसूत्रांतला प्रकार आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. आश्वलायनाच्या विवाहप्रकरणांत वधूच्या केंसांस दोन बाजूंनीं ऊर्णास्तुका म्हणजे लोंकरीचे झुपके बांधलेले असतात व ते वरानें सोडावे असें सांगितलें आहे. म्हणजे मानवी केंसांत मेंढीची लोंकर गुंफली जात असे.

याहून बोलका पुरावा त्याच आश्वलायनाच्या श्रौतसूत्रांत, पिंडपितृयज्ञाच्या प्रकरणीं मिळतो. पितरांस वस्त्र म्हणून कापडाची दशा किंवा ऊर्णास्तुका द्यावी. मात्र यजमानाचें वय पन्नास वर्षांच्या वर गेलें असेल तर त्यानें स्वतःचें लोम द्यावें. आरंभीं मेंढीची लोंकर, आणि उतारवयांत स्वतःच्या अंगावरचा केंस. दोहोंचा दर्जा एकच, कारण एक दुसऱ्याच्या जागीं चालतो. मनुष्याचा केंस व मेंढीची लोंकर यांच्यामध्यें आपल्या पूर्वजांनीं भिंत घातली नव्हती, याला याहून स्पष्ट आधार मला ठाऊक नाहीं. प्रस्तुत लेखकानें पन्नाशी केव्हांच ओलांडली असल्यानें तें सूत्र वाचतांना त्याचा अर्थ केवळ व्याकरणाचा राहिला नाहीं, एवढें कबूल करतों.

३

आतां मराठीकडे वळूं. लोम या शब्दापासून मराठींत लंव किंवा लव हा शब्द आला : अंगावरची मऊ बारीक केंसाळी, पालवीवरची किंवा फळावरची मऊ कूस. तेंच लोम लोंकर या शब्दाच्या आरंभीं आहे असें मला वाटतें, आणि त्याची साक्ष लोंकर शब्दावरचा अनुस्वार देतो. तो अनुस्वार म्हणजे लोपलेल्या मकाराची खूण होय. मोल्सवर्थच्या कोशांत हा शब्द अनुस्वारासह आहे. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले व न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनांतून गेले. तेव्हांपासून आपण लोकर असें लिहितों. लहान मुलांस लिहिणें त्यामुळें सोपें झालें यांत शंका नाहीं. मीं स्वतः वर्गांत तोच पाठ शिकविला. परंतु जुन्या पोथ्यांच्या वाचनानें हातास जें वळण पडलें तें घरीं लिहितांना सुटत नाहीं, आणि या एका शब्दाच्या बाबतींत तें न सुटणें बरें असें वाटतें. तो ठिपका काढला म्हणजे लव आणि लोंकर यांचें बहीणपण दिसेनासें होतें.

दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. परभणी जिल्हा कापसाचा. सेलू व मानवत येथील पेठा कापसावर वाढल्या. म्हणून आमच्याकडे त्या एका पिकास प्रत्येक पायरीवर वेगळें नांव आहे. बोंडांतून वेंचून आणला तो कापूस, बी काढून उरली ती रुई, निघालेलें बी ती सरकी. प्रत्येक पायरीवर माल विकला जातो, म्हणून प्रत्येक पायरीचें नांव निराळें. लोंकरीचें तसें नाहीं. मेंढीच्या अंगावर असली तरी लोंकर, कातरून ढीग घातला तरी लोंकर, पिंजून कातली तरी लोंकरच. इंग्रजींत एका मेंढीची एका कातरणीस निघणारी सबंध लोंकर सांगावयाची तर फ्लीस हा खास शब्द आहे. मराठींत ‘एका मेंढीची लोंकर’ असें शब्द जोडून सांगावें लागतें. उलट, मेंढीच्या वयाप्रमाणें नांव बदलतें : पहिल्या कातरणीची ती जावळ, पुढची ती नुसती लोंकर. कापूस हा बाजाराच्या पायऱ्यांनीं मोजला गेला, आणि लोंकर ही जनावराच्या वयानें. ज्यानें हा शब्द ठरविला त्याचे डोळे तराजूकडे नव्हते, कोंकराकडे होते.

कातरणीचा काळ मात्र अत्यंत जुना व स्थिर दिसतो. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्र्यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गोऽध्यक्षाच्या प्रकरणांत शेळ्यामेंढ्यांची लोंकर दर सहा महिन्यांनीं घ्यावी असा नियम आहे. दख्खनी मेंढी धनगर अजूनहि वर्षांतून दोनदांच कातरतात. त्यांच्यापैकीं कोणी तो ग्रंथ वाचलेला नाहीं. ग्रंथकारानेंच धनगरांकडून ऐकून लिहिलें असावें, असें मानणें अधिक योग्य.

४

नामें झालीं, आतां क्रियापदें पाहूं. येथें या विषयाचें खरें मर्म आहे.

इंग्रजींत फ्लीस हें क्रियापदहि आहे. त्याचा मूळ अर्थ मेंढीची लोंकर उतरून घेणें. परंतु सोळाव्या शतकापासून एखाद्यास नागविणें, लुबाडणें हाच अर्थ त्यास चिकटला. तेथील बोलणाऱ्याच्या मनांत मेंढी म्हणजे नागविला जाणारा भोळा प्राणी, व कातरणारा म्हणजे लाभ उठविणारा. ग्रीक पुराणांतील सोनेरी लोंकरीची कथाहि अशीच आहे : दूरच्या कोल्खिस देशीं ती लोंकर टांगलेली आहे, आणि पराक्रमी जेसन ती हरण करून आणतो. स्ट्राबो या भूगोलकारानें त्या कथेचा उलगडा असा केला आहे कीं, तेथील लोक नदीच्या प्रवाहांतले सोन्याचे कण लोंकरीच्या कातड्यांनीं पकडीत असत. कथा घ्या कीं उलगडा घ्या, लोंकर ही दोहोंकडे संपत्तीची खूण आहे.

मराठींत लुबाडण्यास मेंढीचा दृष्टान्त रूढ झाला नाहीं. आपण म्हणतों, त्यास मुंडला, त्याची हजामत केली, बिनपाण्यानें केली, त्यास भादरला. चारहि ठिकाणीं उपमान न्हाव्याच्या धंद्यांतलें आहे, धनगराच्या नव्हे. मेंढीला लावतात तो कातरणें हा शब्द कर्तरीच्या कुळांतला असून फसवणुकीच्या अर्थानें तो रूढ नाहीं. याचें कारण मला असें दिसतें कीं, आमच्याकडे कातरणारा व पाळणारा हे दोघे एकच असत. ज्यानें कोंकरू पोटाशीं धरून पावसांतून आणलें, तोच सहा महिन्यांनीं कातर घेऊन बसतो. त्याच्या त्या कृतीस लुटीचें नांव देणें बोलणाऱ्यांस सुचलें नाहीं.

भादरणें या शब्दाची कुळी तर विशेष आहे. पाणिनीच्या एका सूत्राप्रमाणें मुंडनाच्या अर्थीं मद्र शब्दाचें मद्राकरोति असें रूप होतें, आणि वार्तिककारानें त्यास भद्र शब्दहि जोडला. मद्र व भद्र यांचा अर्थ मंगल. भद्राकरण म्हणजे मंगल करणें, अर्थात् संस्काराचें मुंडन, आणि त्याचेंच मराठींत भादरणें झालें. म्हणजे जो शब्द आज आपण फसविलेल्या गिऱ्हाइकास लावतों, तो मुळांत मुलाचें जावळ काढण्याचा शुभ शब्द होता. खेड्यांतून मेंढरें भादरलीं असेंहि ऐकूं येतें, आणि त्या बोलण्यांत उपहास मुळींच नसतो. मुलाचें जावळ व कोंकराचें जावळ हे जसे एका शब्दांत राहतात, तसेच तें उतरविण्याचेहि. म्हातारबुवांच्या उत्तराचा आधार अशा रीतीनें पाणिनीपर्यंत पोंचतो.

धनगरांच्या देवकथांतहि हाच भाव आहे. खंडोबा बाणूसाठीं तिच्या बापाघरीं चाकर होऊन मेंढरें राखतो. ग्रीक वीर लोंकर नेण्यास येतो. आमचा देव मेंढरें वळण्यास राहतो. कोल्हापूर जिल्ह्यांत पट्टणकोडोली येथें विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडारा व खोबऱ्याबरोबर लोंकरहि उधळतात. ज्यांस या दैवतांचा शास्त्रशुद्ध अभ्यास पाहावयाचा असेल त्यांनीं गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांचे ग्रंथ व रा. चिं. ढेरे यांचें ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हें पुस्तक अवश्य पाहावें.

५

लोंकरीपासून होणाऱ्या वस्त्रांचीं नांवें जुन्या याद्यांतून वारंवार येतात, व तीं परस्परांत मिसळून वाचलीं जातात, म्हणून थोडें लिहितों.

कांबळें हें संस्कृत कंबल होय. घोंगडी हा शब्द मात्र आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या भाषेशीं जुळतो. तेलुगूंत याच वस्त्रास गोंगडि म्हणतात. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्याच्याहि पूर्वींपासून गोदावरीच्या खोऱ्यानें मराठी व तेलुगु मुलूख एकमेकांशीं जोडलेले आहेत. मेंढपाळ तर भाषेची सीमा ओळखीतच नाहीं. एकाच वस्तूस एक नांव शास्त्रांतून आलें व एक रानांतून. विणकर धनगरांस खुटेकर म्हणतात, तें ताणा लावण्याच्या खुंट्यांवरून. ताण्यास चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी ताठ व खरखरीत लागते ती त्यामुळें. पावसांत तिचीच खोळ करून डोक्यावर घेतली म्हणजे माणूस सहसा भिजत नाहीं. परंतु एकदां का ती पुरती भिजली कीं जड होते व लवकर वाळत नाहीं. म्हणून रेंगाळलेल्या कामास आपण भिजत घोंगडें म्हणतों.

बुरणूस हा लोंकर न विणतां दाबून केलेला जाड थर. हा शब्द अरबी आहे. धाबळी ही सोंवळ्याची लोंकरी. लोंकरीस सहसा विटाळ मानीत नाहींत, म्हणून ती स्वयंपाकघरांत व देवघरांत चाले. मनुस्मृतींत रेशीम व लोंकर यांची शुद्धि खाऱ्या मातीनें, व कुतप नांवाच्या कांबळ्यांची अरिष्टकानें सांगितली आहे. अरिष्टक म्हणजे रिठा. आमची आजी धाबळी रिठ्याच्याच पाण्यांत धुवीत असे. तिला स्मृतीचा श्लोक येत नव्हता, पण आचार येत होता.

या सर्वांत वाकळ मिसळूं नये. वाकळ ही जुन्या लुगड्याधोतरांची शिवलेली. तिच्यांत लोंकरीचा धागा नाहीं. गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमि. पांडुरंग तिची वाकळ पांघरून गेला व आपलें पदक विसरला, ही कथा आमच्याकडे मुलांसहि ठाऊक आहे. कथा सांगणाऱ्यानें येथें घोंगडी म्हटलें नाहीं हें ध्यानांत ठेवावें. घोंगडी विकत घ्यावी लागते. वाकळ घरच्या चिंध्यांतून होते. जनीच्या दारिद्र्याचें माप त्या एका शब्दांत आहे, आणि नकलकारानें तो बदलला तर कथेचा प्राण जाईल.

६

हें सर्व सांगण्याची घाई कां, असें कोणी विचारील. कारण शब्द ज्या व्यवहारावर उभे आहेत तो व्यवहारच सरत चालला आहे. दख्खनी मेंढीची लोंकर राठ व बहुधा काळी. तिला गिऱ्हाईक उरलें नाहीं. आमच्या रानांत बसलेल्या त्या वृद्धांनींच सांगितलें कीं, आतां कातरणीची मजुरीहि लोंकरींतून निघत नाहीं. मेंढरूं कातरलें नाहीं तर त्याला सोसत नाहीं, म्हणून कातरावयाचें, व लोंकर बांधावर टाकून द्यावयाची. खांद्यावरची घोंगडी त्यांच्या वडिलांच्या वेळची होती. परभणीच्या बाजारांत हिवाळ्यांत फ्लीस या नांवानें जें ऊबदार कापड मिळतें, त्यांत मेंढीचा एकहि केंस नसतो. १९७९ च्या सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील माल्डन मिल्स या गिरणीनें पॉलिएस्टरच्या तंतूंपासून तें प्रथम काढलें. तें हलकें असतें, लवकर वाळतें, व त्याचें भिजत घोंगडें होत नाहीं. मी स्वतः पहांटे फिरावयास जातांना तेंच घालतों. तेव्हां त्याची निंदा करण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु त्याला जावळ नाहीं, एवढें खरें.

संग्राहक मंडळींस विनंति अशी कीं, सनदा व महजर यांच्याइतकेंच वाण्याच्या व घरखर्चाच्या हिशेबांचे बंद जपावे, आणि त्यांत अडलेला शब्द कोशांत पाहण्यापूर्वीं, किंवा निदान पाहिल्यानंतर, त्या धंद्याच्या माणसास विचारावा. तो माणूस अजून कोठें कोठें भेटतो. कागद खाणाऱ्या किड्यास आपण कसर म्हणतों. लोंकर खाणाऱ्या किड्याचेंहि नांव तेंच आहे. आपण पोथीची कसर झटकतों, आणि तिच्यांतल्या शब्दाची घोंगडी शेजारच्या शेतांत झिजत असते, तिकडे आपलें लक्ष नसतें.

माझ्या पूर्वींच्या टिपणांत चौलप्रसंगीं घोंगडें देण्याच्या चालीविषयीं जें विधान आहे तें मी मागें घेतों. त्यास या एका नोंदीपलीकडे आधार नव्हता, आणि ती नोंदहि आतां गेली. ज्यांच्यापाशीं तें टिपण असेल त्यांनीं त्या ओळीवर काट मारून समासांत असें लिहून ठेवावें : ‘जावळाचें घोंगडें, म्हणजे कोंकराच्या पहिल्या कातरणीच्या लोंकरीचें.’